फुलांच्या भेटकार्डावरचा उठाव: ड्राय एम्बॉसिंग की हीट एम्बॉसिंग?

घरातली एखादी जुनी लग्नपत्रिका काढा आणि पालथी करून बघा. पुढे गणपती उठून दिसतोय आणि मागे त्याच आकाराचा खड्डा आहे, तर तिथे कागदच साच्यात दाबलेला असतो. नावांची अक्षरं बोटाला लागतात, पण मागची बाजू सपाट, तर तिथे कागद जागचा हललेला नाही. ओल्या शाईवर पूड टाकून ती तापवलेली असते. हाताने भेटकार्ड करणारे पहिल्या प्रकाराला ड्राय एम्बॉसिंग म्हणतात आणि दुसऱ्याला हीट एम्बॉसिंग. दोन्हींच्या नावात एम्बॉसिंग असल्यामुळे स्टेशनरीच्या दुकानात नवखा माणूस हमखास भलतंच सामान घेऊन येतो.

ड्राय एम्बॉसिंगमध्ये शाई, रंग, उष्णता काहीच लागत नाही. कागदाचे तंतू ताणले जातात आणि तसेच राहतात, एवढंच. एम्बॉसिंगचं मशीन असेल तर नक्षीच्या फोल्डरमध्ये, म्हणजे उठावाची नक्षी असलेल्या प्लॅस्टिकच्या दुहेरी साच्यात, कागद घालून दाबायचा. नसेल तर दिवसाउजेडी खिडकीच्या काचेवर स्टेन्सिल (नक्षी कापून काढलेला पातळ साचा) चिकटवा, त्यावर कागद उलटा धरा आणि आतल्या कडेने गोल टोकाच्या सळीने दाबत जा. संपलेली बॉलपेनची रिफिल किंवा विणकामाची बोथट सुईही चालते. काम मागच्या बाजूने होत असल्याने पुढे नक्षी आरशातल्यासारखी उलटते. फुलाला त्याने काही बिघडत नाही, ‘शुभेच्छा’ लिहायचं असेल तर मात्र स्टेन्सिलच उलटी लावावी लागते.

या प्रकाराचं यश कागदावर ठरतं. साधारण २०० ते २५० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कार्डपेपर बरा. झेरॉक्सचा कागद फाटतो आणि फार जाड पुठ्ठा हाताच्या जोराला दाद देत नाही. सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद मला यासाठी सगळ्यात आवडतो, कारण त्याचे तंतू लांब असतात आणि ताण सोसतात. पुण्यातली हातकागद संस्था १९४० पासून असा कागद बनवते आहे. पण याच हातकागदावर हीट एम्बॉसिंग करायला गेलात तर त्याचा खडबडीतपणा आडवा येतो. शिक्का सगळीकडे टेकत नाही आणि पाकळ्यांच्या रेषा तुटक येतात. तिथे गुळगुळीत कागदच हवा.

हीट एम्बॉसिंगला हळू वाळणारी शाई लागते. शिक्का उमटवला की ती ओली असतानाच बारीक राळेची पूड वर टाकायची, जादाची झटकून परत डबीत भरायची आणि शिक्क्यावर उरलेली हीट गनने, म्हणजे खूप गरम हवा सोडणाऱ्या हातातल्या यंत्राने, वितळवायची. पूड आधी निस्तेज दिसते आणि वितळताच एका क्षणात चकाकते. तो क्षण दिसला की गन पुढे सरकवायची. तिथेच रेंगाळलात तर पूड कागदात मुरते, उठाव बसतो आणि तेलकट डाग राहतो. हेअर ड्रायर चालेल का, हे सगळेच विचारतात. नाही चालत. त्याचा वारा जास्त आणि उष्णता कमी, त्यामुळे पूड वितळायच्या आधीच उडून जाते. गन नसेल तर तापलेल्या इस्त्रीवर कागद अधांतरी धरून खालून ऊब द्यावी. गॅसच्या ज्योतीवर हा प्रयोग नको.

नको तिथे पूड चिकटणं ही यातली खरी डोकेदुखी. हिवाळ्यात कोरड्या हवेत कागदावर स्थिर वीज साठते, तर पावसाळ्यात कागदच दमट असतो. दोन्हीवर उपाय आहे: शिक्का मारण्याआधी टाल्कम पावडरची पुरचुंडी कागदावरून फिरवायची. दमट कागद त्याआधी गनने थोडा शेकूनही घ्यावा.

आता फूल कोणतं, यावर पद्धत ठरवा. जास्वंद, चाफा, कमळ यांच्या पाकळ्या मोठ्या आणि मोकळ्या, त्यांना ड्राय एम्बॉसिंगची सावली शोभते. शेवंतीच्या दाट पाकळ्या किंवा पारिजातकाचे नाजूक देठ रेषेचे लाड मागतात, ते काम हीटचं. त्यातही जाडसर पूड घेतलीत तर जवळजवळच्या रेषा एकमेकींत वितळून शेवंतीचा गोळा होईल. बारीक कामाची पूड वेगळी मिळते.

जलरंग मिसळायचे असतील तर क्रम फार महत्त्वाचा आहे. वितळलेली पूड पाणी धरत नाही. म्हणून पांढऱ्या किंवा पारदर्शक पुडीची बाह्यरेखा आधी करा आणि मग पाकळीत बिनधास्त रंग सोडा. रंग बराचसा रेषेच्या आतच थांबतो आणि रेषेवर साचलेले थेंब फडक्याने टिपता येतात. ड्राय एम्बॉसिंगला नेमकं उलटं: दाबलेल्या कागदावर पाणी पडलं की ताणलेले तंतू सैल होतात आणि नक्षी सपाट होते. आधी रंगवा, पूर्ण वाळू द्या, मग दाबा. कोरड्या उठावावर रंग हवाच असेल तर शाईचा पॅड फक्त उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा.

एकाच कागदावर दोन्ही करण्याचा मोह होतो. वितळवलेली पूड नंतर मशीनमध्ये दाबली तर तडकते किंवा तिची चकाकी जाते. त्यापेक्षा फुलामागच्या कागदावर जाळीची नक्षी ड्राय एम्बॉसिंगने करा. फूल वेगळ्या कागदावर हीटने करून, रंगवून, कापून फोमच्या टेपवर चढवा. हा जाळीचा कागद कार्डावर चिकटवताना पातळ गोंद टाळा. मागे खड्डे असल्याने कागद सगळीकडे टेकत नाही आणि गोंदाच्या ओलाव्याने नक्षीही दबते. कडेने दुहेरी टेप पुरे.

आणि मजकूर आतल्या पानावर वेगळा कागद लावून लिहा. ड्राय उठावामागे पेन अडखळतं आणि वितळलेल्या पुडीवर शाई टिकत नाही.