द्राक्षबियांचं तेल आणि आईची करडई

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इंदूरमध्ये आमच्या शेजारी वाण म्हणून एक छोटी बाटली मिळाली. द्राक्षाच्या बियांचं तेल! सोबत चिठ्ठी: 'अँटिऑक्सिडंटांचा खजिना, सुरकुत्यांवर रामबाण.' तेल चांगलं आहे, पण चिठ्ठीतलं कारण साफ चुकीचं आहे.

आपण खातो त्या थॉम्पसन द्राक्षांत बी जवळजवळ नसतेच. हे तेल निघतं वाइन आणि रस काढून उरलेल्या चोथ्यातल्या बियांतून. बियांतली ती गाजलेली अँटिऑक्सिडंटं, म्हणजे प्रोअँथोसायनिडिन द्रव्यं, पाण्यात विरघळतात, तेलात नाही. त्यामुळे ती पेंडीतच राहतात. तेलात उतरतं थोडं 'ई' जीवनसत्त्व आणि सुमारे ७० टक्के लिनोलिक आम्ल, म्हणजे एक स्निग्धाम्ल.

हे आम्ल आपलं शरीर बनवू शकत नाही. १९२९ साली अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धरहित आहार दिला, तेव्हा त्यांच्या कातडीला खवले पडले, शेपट्या खराब झाल्या. का, हे फार नंतर उमगलं.

कातडीच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशींमधल्या फटी स्निग्ध पदार्थांच्या पदरांनी बुजलेल्या असतात, म्हणून अंगातलं पाणी उडून जात नाही. त्यातला सेरामाइड गटातला एक स्निग्ध पदार्थ मला विलक्षण वाटतो. त्याची शेपटी ३० ते ३४ कार्बनांची, नेहमीच्या स्निग्धाम्लांच्या जवळजवळ दुप्पट, आणि तिच्या टोकाला लिनोलिक आम्ल जोडलेलं. ही लांबलचक शेपटी शेजारच्या पदरांना एकमेकांशी धरून ठेवते. शिवाय १२आर-लायपॉक्सिजनेज हे विकर (एन्झाइम) त्या लिनोलिकचं ऑक्सिडीकरण करतं, मग ते तुटून पडतं आणि मोकळी झालेली शेपटी पेशीच्या प्रथिन-कवचाला कायमची बांधली जाते. लिनोलिक कमी पडलं, की शरीर त्या जागी ओलिक आम्ल बसवतं. त्याच्यावर हे विकर काम करू शकत नाही, बांधणी अडते आणि कातडीतून पाणी निसटू लागतं.

१९७४ साली अशी उणीव असलेल्या रुग्णांच्या हाताला सूर्यफुलाचं तेल चोळून ती भरून काढल्याची नोंद आहे. पण नीट जेवणाऱ्या माणसाला ही उणीव सहसा नसतेच. माळव्यातल्या कोरड्या थंडीत आंघोळीनंतर ओलसर अंगाला दोन थेंब लावले, तर त्वचा मऊ राहते, इतकंच. सुरकुत्या जात नाहीत. 'त्वचेतलं विष बाहेर काढतं' ही तर निव्वळ थाप.

खाण्यात वनस्पती तुपाऐवजी वापरलं तर एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते. मात्र ओमेगा-३ त्यात नाममात्र, आणि तळणीला ते नको: लिनोलिकच्या दोन दुहेरी बंधांमधला हायड्रोजन सहज निसटतो आणि तेल खवट होतं.

आणि पैसे मोजण्याआधी एक लक्षात घ्या. पारंपरिक करडईच्या तेलात लिनोलिक ७० ते ८० टक्के असतं. माझी आई पोह्यांना त्याचीच फोडणी द्यायची आणि तेच तेल थंडीत आमच्या हातापायांना चोळायची.