मोटराइज्ड माउंटचे ट्रॅकिंग प्रॉब्लेम

पृथ्वी स्वतःभोवती 23 तास 56 मिनिटं 4 सेकंदांत फिरते, त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात मानलेली रेषा) तारा दर सेकंदाला साधारण 15 आर्कसेकंद (1 आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) पश्चिमेकडे सरकतो. दुर्बीण ज्यावर बसवतात त्या इक्वेटोरियल माउंटचा एक अक्ष, म्हणजे आरए अक्ष, खगोलीय ध्रुवाकडे रोखलेला असतो आणि मोटर तो त्याच वेगाने फिरवत राहते. हे जुळलं नाही की तारा आयपीसमधून निसटतो नाहीतर फोटोत त्याची रेघ उमटते. गोटूने (निवडलेल्या ताऱ्याकडे आपोआप वळवणारी सोय) भलतीकडेच दुर्बीण वळवणं ही मात्र वेगळी भानगड, ती बहुतेकदा हँडसेटमध्ये (माउंटच्या रिमोटमध्ये) तारीख (महिना आधी टाकायचा असतो तिथे दिवस आधी टाकला जातो), टाइमझोन +5:30 किंवा डेलाइट सेव्हिंग चुकल्यामुळे होते. इक्वेटोरियल माउंटच्या नुसत्या ट्रॅकिंगला ही माहिती लागतच नाही, ऑल्ट-अझिमथ (वर-खाली आणि आडवा फिरणाऱ्या) माउंटला मात्र लागते.

बरेच जण पहिल्यांदा मोटरवरच संशय घेतात, पण आधी तारा कुठल्या दिशेला सरकतोय ते बघावं, अर्धं निदान तिथेच होतं.

उत्तर-दक्षिण सरकत असेल तर मोटरचा संबंध जवळपास नाहीच, पोलर अलाइनमेंट, म्हणजे आरए अक्ष ध्रुवाकडे नीट रोखलाय का ते बघा. अक्ष ध्रुवापासून 1 अंश चुकला तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त 16 आर्कसेकंद सरकतो, म्हणजे बघायला चालतं पण फोटोला नाही. आपल्याकडे त्रास असा की पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर, समोर बिल्डिंग किंवा झाड आलं की संपलं, आणि इतक्या कमी अक्षांशाला काही माउंटचं काउंटरवेट ट्रायपॉडच्या पायाला जाऊन अडतं ते वेगळंच. शिवाय ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नाही, अर्ध्या अंशापेक्षा थोडा जास्त बाजूला आहे. ध्रुवतारा दिसतच नसेल तर ड्रिफ्ट अलाइनमेंट करायचं: दक्षिणेला मध्यमंडलाजवळचा (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा), खगोलीय विषुववृत्ताच्या आसपासचा तारा धरायचा, तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेला जास्त वळलाय, मग पूर्वेला थोडा वर आलेला तारा धरायचा, तो दक्षिणेकडे गेला तर अक्ष खाली आहे. वेळखाऊ आहे पण खात्रीचं.

पूर्व-पश्चिम सरकत असेल तर किती जोरात ते बघा. मिनिटाला पाव अंश गेला तर अक्ष फिरतच नाहीये: क्लच सैल, केबल अडकलेली, किंवा बॅटरी उतरली. अर्धा अंश, म्हणजे मिनिटाला एक पूर्णचंद्राएवढा, तर मोटर उलटी फिरतेय, हँडसेटमध्ये दक्षिण गोलार्ध निवडलाय का बघा. मिनिटाला अर्धा आर्कमिनिटच (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा 60वा भाग) जात असेल तर बहुतेक हँडसेटमध्ये ताऱ्यांऐवजी चंद्राचा ट्रॅकिंग रेट तसाच राहिलाय.

तारा पुढे जाऊन परत मागे येत असेल तर तो पिरियॉडिक एरर, वर्म गियरच्या (अक्षाचं दातेरी चाक फिरवणारा स्क्रूसारखा गियर) घडणीतल्या बारीक चुकांचा. वर्मचा एक फेरा झाला की तोच झोल पुन्हा येतो. ईक्यू6 या माउंटमध्ये त्या चाकाला 180 दात आहेत म्हणून जवळपास 8 मिनिटांनी, एचईक्यू5 मध्ये 135 म्हणून साधारण साडेदहा मिनिटांनी. हा बिघाड नाही, कमी-जास्त प्रत्येक वर्ममध्ये असतोच, त्यासाठी माउंट उघडायची गरज नाही. पीईसी (हा झोल नोंदवून माउंटने आपोआप भरून काढणं) रेकॉर्ड करता येतं, पण फोटोसाठी सरळ पीएचडी2 वगैरे सॉफ्टवेअर वापरून ऑटोगायडिंग करावं, म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्याने तारा बघत माउंट सतत दुरुस्त करत राहायचा.

अधूनमधून अचानक उडी मारणारा तारा हे मात्र डोकेदुखीचं काम आहे. वारा, लोंबणारी केबल, मऊ मातीत रुतणारा ट्रायपॉड, कोरडं झालेलं ग्रीस, काहीही असू शकतं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघितल्याशिवाय कळत नाही. दुर्बीण आणि काउंटरवेटचा बॅलन्स अगदी समसमान केला तर गियरचे दात मधल्या फटीत इकडून तिकडे आपटतात, म्हणून पूर्वेची बाजू किंचित जड ठेवतात (मेरिडियन फ्लिप झाला, म्हणजे तारा मध्यमंडल ओलांडल्यावर दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला वळवली, की वजन पुन्हा सरकवायचं). डेक्लिनेशनच्या (उत्तर-दक्षिण फिरणाऱ्या अक्षाच्या) बॅकलॅशवर, म्हणजे दातांमधल्या ढिलाईवर उपाय म्हणून वर्म घट्ट आवळणारे खूप आहेत, पण जास्त आवळला की मोटर अडकते.

ऑल्ट-अझिमथ माउंटवर मधला तारा टोकदार पण कडेचे तारे वळलेले दिसत असतील तर ते फील्ड रोटेशन, म्हणजे दृश्य हळूहळू मधल्या ताऱ्याभोवती फिरणं. ट्रॅकिंग बरोबरच आहे, एक्स्पोजर छोटं करा किंवा वेज (माउंट तिरका करून अक्ष ध्रुवाकडे रोखणारा आधार) लावा.