कोळ्यांवर जगणाऱ्या गांधीलमाश्या : नावांच्या फेरबदलाची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांत तुळईच्या बगलेला किंवा देवळीत मातीचे बोटभर घरटे असतेच. कुंभारीण, एवढे नाव त्याला पुरते. ते फोडले की कप्प्याकप्प्यातून कोळी निघतात, लुळे पडलेले पण जिवंत. पैठणच्या नाथमहाराजांनी भागवताच्या ज्या अकराव्या स्कंधावर टीका लिहिली, त्यात अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी शेवटचे दोन आहेत कोळी आणि भिंतीत किडा कोंडणारी माशी. कोंडलेला किडा माशीचा ध्यास घेतो आणि माशीच होतो, असा तो दृष्टान्त. निरीक्षण चुकीचे नव्हते, आत एक जातो आणि बाहेर दुसरीच येते. मधली अंडी-अळी तेवढी दिसली नव्हती.

शास्त्रीय नावे फार उशिरा आली. आपल्या पिवळ्या-काळ्या कुंभारणीला 1781 मध्ये मद्रासवरून ‘मद्रासपटाना’ हे जातिनाम मिळाले. तिची रिकामी घरटी बळकावणारी निळसर चकाकीची कॅलिबियॉन बेंगालेन्स 1845 ची. 1897 मध्ये ब्रिटिश भारताच्या प्राणिसंपदेवरील मालिकेत गांधीलमाश्या आणि मधमाश्यांचा खंड निघाला, तो एका लष्करी अधिकाऱ्याने लिहिलेला. मोठ्या, डंख मारणाऱ्या माश्यांची सोय तिथे झाली. कोळ्याच्या अंड्यांत वाढणाऱ्या, खसखशीच्या दाण्याहून लहान माश्यांकडे मात्र पुढेही फारसे कोणी पाहिले नाही.

याला एक कारण आपल्या कृषिविस्ताराच्या भाषेतही आहे. कापूस-सोयाबीनच्या घडीपत्रिकांत ‘मित्रकीटक’ म्हणून कोळ्याचे चित्र असते (कोळी कीटक नाही, पण ते असो). मग कोळ्याची अंडी खाणारी माशी मित्र की शत्रू? ती पिकाच्या किडीवर जगत नाही, म्हणून मित्रांत नाही. पीक खात नाही, म्हणून शत्रूंतही नाही. ‘परोपजीवी’ हा शब्दही अपुराच. यजमानाला हमखास मारणाऱ्यांसाठी ‘पॅरासिटॉइड’ ही वेगळी संज्ञा 1913 मध्ये आली. आपण मात्र गोचीड, जंत आणि ही माशी अजून एकाच शब्दात कोंबतो.

खरा घोळ झाला तो कुलाच्या, म्हणजे अनेक प्रजाती सामावणाऱ्या वरच्या गटाच्या, नावाचा. कोळ्यांच्या अंड्यांवरच्या बेअस आणि इड्रिस या दोन प्रजाती शंभराहून अधिक वर्षे स्केलिओनिडी कुलात होत्या. शेतीवाल्यांना हे कुल टेलेनोमसमुळे माहीत आहे, मक्यावरच्या लष्करी अळीची अंडी खाणारी तीच. शेजारचे प्लॅटिगॅस्ट्रिडी कुल मुख्यतः गादमाशीवर्गातल्या माश्यांवर जगणारे. 2007 मध्ये डीएनएच्या आधारे असे दिसले की प्लॅटिगॅस्ट्रिडी ही स्केलिओनिडीच्याच पोटातून फुटलेली फांदी आहे. म्हणजे त्या फांदीला वगळून स्केलिओनिडी हे कुल पुरे होत नव्हते. उपाय दोन होते: जुन्या कुलाचे तुकडे करायचे किंवा दोन्ही एकत्र करायची. एकत्र करायचे ठरले. नाव कोणते राहणार, हे नियमाने ठरते. प्लॅटिगॅस्ट्रिडी 1833 चे, स्केलिओनिडी 1839 चे. सहा वर्षांनी थोरले असलेले नाव राहिले आणि स्केलिओनिडी उपकुलाच्या पायरीवर उतरले.

मला हा निर्णय तेव्हाही घाईचा वाटला होता. तपासलेल्या जातींची संख्या बेताची होती, आणि झालेल्या कुलाची ओळख सांगेल असे एकही सोपे लक्षण विद्यार्थ्याच्या भिंगाखाली दाखवता येत नव्हते. आमच्याकडे एका महाविद्यालयात तोंडी परीक्षेत ‘स्केलिओनिडी’ म्हणणाऱ्या मुलीचे गुण कापले गेले, आणि तिच्या पाठ्यपुस्तकात तेच छापलेले होते. काही अभ्यासक मुकाट्याने जुनेच नाव लिहीत राहिले. 2021 मध्ये कितीतरी जास्त जाती घेऊन पुन्हा वंशवृक्ष मांडला गेला. तेव्हा 2007 मध्ये टाळलेला पहिला उपाय स्वीकारला गेला: काही जुन्या फांद्यांना स्वतंत्र कुले मिळाली, उरलेले स्केलिओनिडी परत आले. टेलेनोमस त्यातच, बेअस-इड्रिसही त्यातच. चौदा वर्षांतले शोधनिबंध वाचताना एकाच माशीची दोन कुले दिसतात ती यामुळे.

माझ्याकडच्या एका कुपीवर म्हणूनच तीन लेबले आहेत. आत पऱ्हाटीच्या पानाखाली सापडलेला कोळ्याचा अंडकोश आहे. कापसाचा बोळा लावून ठेवला होता; आठवड्याने काचेवर काळे ठिपके पळू लागले. भिंगाखाली ते गोल, पंख नसलेले, शृंगिकेच्या टोकाला गदेसारखी गाठ असलेले: बेअसच्या माद्या. दोन दिवसांनी पंखवाले नर निघाले. नर आणि मादी कीटक पकडायच्या वेगवेगळ्या जाळ्यांत सापडली असती, तर त्यांना एका जातीची म्हणणे कठीण झाले असते. यात नुसत्या झोडपजाळीचा उपयोग थोडाच. कोश घरी आणून वाढवावा लागतो आणि रिकामी टरफले, निघालीच तर कोळ्याची पिल्लेही, त्याच कुपीत जपावी लागतात.

इतर गटांचे थोडक्यात. कोळ्याच्या पोटावर अळी बसवणाऱ्या इक्न्यूमॉन माश्यांना पूर्वी स्वतंत्र ‘पॉलिस्फिंक्टिनी’ गट होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो मोठ्या गटात विरघळवून नुसता ‘प्रजातिसमूह’ ठरवला गेला. 2000 मध्ये कोस्टा रिकातली यातलीच एक अळी कोळ्याला मारण्याआधी त्याच्याकडून वेगळेच जाळे विणून घेते, हे प्रसिद्ध झाले आणि या समूहाकडे सगळ्यांचे लक्ष गेले. कोळी ओढत नेणाऱ्या पॉम्पिलिडी माश्या जुन्या अमेरिकी ग्रंथांत ‘सॅमोकारिडी’ नावाने शोधाव्या लागतात. ट्रिपॉक्सिलॉन ही कोळ्यांनीच घरटे भरणारी बारीक काळी माशी पूर्वी कुंभारणीच्याच स्फेसिडी कुलात होती. आता ती क्रॅब्रोनिडीत आहे. देवळीतल्या एकाच भिंतीवर दोघींची घरटी असली, तरी नमुन्यांच्या डबीत खण वेगळे करावे लागतात.