जुनी हॉलो-बॉडी आणि प्लायवूडची भानगड: थोडी पार्श्वभूमी

जुनी हॉलो-बॉडी, म्हणजे पोकळ पोटाची इलेक्ट्रिक गिटार, शोधायला लागलात की आठवडाभरात कुणीतरी गिब्सन कंपनीच्या ईएस-१७५ बद्दल कानात सांगतोच, "ती वन सेव्हंटी-फाइव्ह म्हणजे प्लायवूड असतं हं." आणि आपण हबकतो, कारण त्या पैशात बरी सेकंडहँड गाडी येते आणि प्लाय म्हटलं की डोळ्यासमोर किचन ट्रॉली. हे प्लाय गिटारमधे आलं कुठून आणि त्याला एवढा भाव कसा आला हे माहीत असलं की शोधताना बराच मनस्ताप वाचतो, म्हणून हे लिहितोय.

फार मागे जात नाही. मोठ्या बँडच्या ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गर्दीत गिटार ऐकूच यायची नाही, त्यातून १९३२ ला मांडीवर आडवी ठेवून वाजवायची इलेक्ट्रिक हवाईयन गिटार बाजारात आली आणि १९३६ ला गिब्सनची ईएस-१५०. ईएस म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश, त्यात स्पेनचा काही संबंध नाही, मांडीवर आडवी न ठेवता नेहमीसारखी धरायची ती स्पॅनिश, एवढंच. दीडशे म्हणजे दीडशे डॉलर, अँप आणि वायरीसकट. १९३९ मधे ओक्लाहोमात वाढलेला एक पोरगा ती घेऊन एका गाजलेल्या स्विंग बँडमधे शिरला आणि १९४२ ला टीबीने गेलाही, वय पंचवीस, पण तेवढ्या वेळात कोपऱ्यात बसून ताल धरणारी गिटार पुढे येऊन सोलो घ्यायला लागली होती.

आता मुख्य भानगड. युद्धाआधीच्या ईएस-१५० चा टॉप, म्हणजे पुढची फळी, अखंड स्प्रूसच्या लाकडातून कोरलेला होता, व्हायोलिनसारखा. युद्धानंतर त्याच नावाची गिटार परत आली ती लॅमिनेटची, म्हणजे पातळ थर एकावर एक चिकटवून साच्यात दाबून बाक दिलेली. १९४९ ला ईएस-१७५ आली (हीपण १७५ डॉलरची, नाव ठेवायला फार डोकं चालवत नसत), सोळा इंच रुंद, टोकदार कटअवे (वरच्या सुरांपर्यंत हात पोचावा म्हणून खांद्याला दिलेला काप), आणि टॉपसुद्धा मेपलच्या लॅमिनेटचा. हा निर्णय का घेतला यावर आजही लोक तावातावाने भांडतात. एक बाजू म्हणते फीडबॅकसाठी. कोरलेला टॉप मोकळा थरथरतो, अँपचा आवाज त्याच्यावर आदळला की तो आणखी थरथरतो, तार हलते, पिकअप (तारांखालचा, त्यांची हालचाल विजेत बदलणारा चुंबकी भाग) ते परत अँपला पाठवतो आणि हॉलभर भोंगा वाजतो, लॅमिनेट ताठ असल्यामुळे ते जरा उशिरा सुरू होतं. शिवाय ज्या टॉपला पिकअपसाठी भोक पाडायचंय तो आठवडाभर बसून कोरायचा कशाला? दुसरी बाजू म्हणते हे सगळं नंतर सुचलेलं शहाणपण, साच्यात दाबायला स्वस्त आणि झटपट म्हणून केलं, बस.

दोन्ही बाजूंना अडचणी आहेत. फक्त फीडबॅकच कारण असतं तर १९५१ मधे त्याच कंपनीने कोरलेल्या टॉपच्या एल-५ ला पिकअप बसवून चांगल्या वरच्या दराला का विकली? आणि फक्त पैसेच वाचवायचे होते तर १९४९ चीच ईएस-५, तीन पिकअपवाली, चांगली महागातली, तीपण लॅमिनेटचीच का? माझं मत विचाराल तर सुरुवात खर्चाने झाली आणि आवाज बरा निघाला हे नशीब. तो "ठक्" करून लगेच विरणारा आवाज, ज्याला आपण आज जॅझचा आवाज म्हणतो, तो अर्धा त्या प्लायचा आहे. कोरलेली गिटार जास्त गाते, मान्य, पण मला १७५ च हवी होती आणि ज्यांना हे प्लाय म्हणजे फसवणूक वाटते त्यांनी डोळे मिटून दोन्ही ऐकाव्यात. कोरलेलं ते उच्च आणि दाबलेलं ते हलकं हा हिशोब लाकूडवाल्याचा आहे, वाजवणाऱ्याचा नाही.

बघायला गेलात तर मोबाइलचा टॉर्च एफ-होलच्या, म्हणजे टॉपवरच्या इंग्रजी f सारख्या भोकाच्या, कडेला तिरका धरा. १७५ च्या एफ-होलला प्लास्टिकची किनार नसते, त्यामुळे लाकडाचा छेद उघडा असतो आणि त्यात थर दिसतात, वरचा गोरा, मधला वेगळ्या पोताचा, परत गोरा. १७५ म्हणून दाखवताहेत आणि थर दिसत नाहीत, तर प्रश्न विचारायला सुरुवात करा. त्याच भोकातून आत लेबल दिसतं, आणि १९५२ पासूनची, पन्नासच्या दशकातली असेल तर लाकडावर शिक्का असतो ज्याचं पहिलं अक्षर वर्ष सांगतं, तेही इंग्रजी मुळाक्षरं उलटी मोजत, १९५२ ला झेड, १९५३ ला वाय, असं मागे मागे.

पुढचं भराभर. १९५५ पासून बॉडी पातळ व्हायला लागल्या, १९५७ ला हमबकर (घरघर मारणारे, दोन कॉइलचे) पिकअप आले, १९५८ ला ईएस-३३५ आली जिच्या पोटात मधोमध मेपलचा ठोकळा आहे, म्हणून ती सेमी-हॉलो. १९५९ ची ३३० बाहेरून तिची जुळी बहीण पण आतून पूर्ण पोकळ, आणि जाहिरातीत दोघींची सर्रास अदलाबदल होते. एका एफ-होलमधून आत बघा, नजर पलीकडच्या होलपर्यंत आरपार गेली तर पोकळ, मधे भिंत आली तर नाही. ब्रुकलिनच्या ग्रेचचा भाग इथे मुद्दाम गाळतोय, सुंदर गिटारी आहेत पण त्यांची सेल्युलॉइडची किनार कुजून भुगा होते आणि तिच्या वाफेने जवळचा धातूही हिरवा पडतो, तो वेगळा विषय आहे.

विंटेज या शब्दाला खरा भाव आला तो नंतरच्या पडझडीमुळे. १९६९ ला गिब्सनची मालकी बदलली आणि नंतरच्या मालाबद्दल वाजवणाऱ्यांची कुरकुर सुरू झाली, आधीचं ते सोनं असं ठरलं. गंमत म्हणजे खाली उतरण्याची खूण त्याच्याही आधीची आहे, १९६५ ला नटची (गिटारच्या दांड्याच्या, म्हणजे नेकच्या, वरच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) रुंदी सुमारे ४३ मिलिमीटरवरून ४० च्या आसपास आली आणि जाड बोटांची माणसं आजही त्या वर्षाला शिव्या देतात. १९७० ते ७५ मधले सहा आकडी सिरीयल नंबर तर साठच्या दशकातल्या नंबरांशी सरळ सरळ जुळतात. मला मुंबईत एकाने "सिक्स्टी-सेव्हन" म्हणून एक दाखवली होती, नंबर तक्त्यात बरोबर बसत होता, मीपण खूश, मग हेडस्टॉक (खुंट्या असतात तो गिटारचा माथा) उलटा केला तर मागे मेड इन यूएसए चा ठसा आणि नेकच्या वरच्या टोकाशी लाकडाचा उंचवटा, हे दोन्ही सत्तरच्या दशकातलं. तो म्हणाला, "नंबर तर बरोबर आहे ना." नंबर बरोबरच होता. मी चहा पिऊन परत आलो.

आणि मग जपान. सत्तरच्या दशकात तिथल्या कारखान्यांनी १७५ च्या हुबेहूब नकला काढल्या आणि आज त्यातली प्रत्येक "लॉसूट", म्हणजे खटला झालेली, म्हणून विकली जाते. खटला एकच झाला, १९७७ मधे, गिब्सनच्या मालकांनी जपानी इबानेझच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यांवर केलेला, आणि तोही गिटारच्या बॉडीवरून नाही, हेडस्टॉकच्या आकारावरून, तोवर समोरच्यांनी आकार बदललाही होता, पुढे आपसात मिटलं. म्हणजे लॉसूट हा शब्द जास्त पैसे मागायला आहे, गिटारबद्दल तो काही सांगत नाही. गिटारी मात्र बऱ्याच चांगल्या आहेत.

बाहेरून मागवणार असाल तर फ्रेटबोर्ड, म्हणजे जिच्यावर तारा दाबतात ती पट्टी, बघा. पन्नासच्या दशकातल्या बोर्डांचं ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साईट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) सगळ्यात कडक यादीत आहे, परमिटशिवाय सीमा ओलांडता येत नाही आणि कस्टममधे अडकलेली गिटार सोडवणं म्हणजे दुसरी नोकरी. साठच्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकन कंपन्या भारतीय रोझवूडवर गेल्या, म्हणजे आपलं शिसव, ज्याची आजीच्या घरी कपाटं असायची. त्याचे नियम २०१७ ला कडक झाले, मग २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली. जाहिरातीत मात्र ब्राझिलियन असेल तर ठळक अक्षरात लिहितात आणि शिसव असेल तर नुसतं "रोझवूड", किंमतही त्याच हिशोबाने खाली. मी शेवटी सत्तरच्या दशकातली जपानी घेतली, शिसवाचा बोर्ड, एफ-होलच्या कडेला थर स्पष्ट दिसतात, आणि विकणाऱ्याने तिला लॉसूट म्हणून पाच हजार जास्तच लावले होते.