जुनी जाहिरात अंधुक नव्हती, टेप अंधुक आहे

फोनवर दूरदर्शनच्या जुन्या जाहिराती फिरत असतात. निरमा, विको, बजाजची स्कूटर. त्याखाली हमखास कुणीतरी लिहितं, "तेव्हा असंच अंधुक दिसायचं, पण मजा होती." मजा होती हे कबूल. अंधुक दिसायचं हे मात्र चूक आहे, आणि ही चूक इतकी पसरली आहे की आता लोक नव्या, स्वच्छ व्हिडिओवर मुद्दाम रेघा आणि सांडलेले रंग चढवून त्याला 'जुना लुक' म्हणतात. ते रूप त्या काळाचं नाही. ते एका विशिष्ट यंत्राचं आहे, कॅसेटवर टीव्ही टेप करणाऱ्या व्हीसीआरचं.

दूरदर्शनवर जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून सुरू झाल्या, रंग आला १९८२ मध्ये. त्या काळच्या बऱ्याच जाहिराती ३५ मि.मी. फिल्मवर चित्रित व्हायच्या, कारण त्या सिनेमागृहांतही दाखवायच्या असत. सोलापुरात भागवत थिएटरच्या पडद्यावर जी फिल्म तीस फूट पसरूनही स्पष्ट दिसू शकते, ती घरच्या वीस इंची टीव्हीवर मुळात अंधुक असण्याचं कारणच नाही. प्रक्षेपणात काही तपशील गळायचा, पण बराच टिकायचा. आपल्याकडच्या पाल या प्रक्षेपण पद्धतीत चित्राला ५ मेगाहर्ट्झ जागा मिळायची आणि एक ओळ पडद्यावर ५२ मायक्रोसेकंद दिसायची. हिशेब केला तर एका आडव्या ओळीत साधारण ५२० काळे-पांढरे बदल बसतात. अँटेना नीट असेल आणि मुंग्या नसतील, तर माणसं तेव्हा हे चित्र पाहत होती.

मग आज फोनवर दिसतं ते कुठून आलं? बहुतेक वेळा कुणीतरी घरी मालिका टेप केली, मधल्या जाहिराती तशाच राहिल्या, आणि तीस-पस्तीस वर्षांनी ती कॅसेट कुणाला तरी सापडली. टेप वाचवण्यासाठी ज्यांनी जाहिरात लागली की पॉज दाबला, त्यांच्याकडे जाहिराती नाहीत. ज्यांनी कंटाळा केला, त्यांच्या कॅसेटी आज मौल्यवान आहेत. महागड्या टेप पुसून पुन्हा वापरणं ही जगभरच्या प्रक्षेपण केंद्रांची रीतच होती, त्यामुळे कित्येक जाहिरातींची ही घरगुती प्रतच शेवटची असू शकते.

या कॅसेटीत चित्र कसं बसवलं आहे, ते समजून घेण्यासारखं आहे. विसाव्या शतकातल्या घरगुती यंत्रांत इतकं देखणं दुसरं मला तरी माहीत नाही.

अमेरिकेत पहिली पैसे देऊन दाखवलेली टीव्ही जाहिरात १ जुलै १९४१ ला लागली. बुलोव्हा घड्याळांची, दहा सेकंदांची. तेव्हा चित्र टेपवर साठवायची सोयच नव्हती. आवाज टेपवर बसत होता, चित्र बसेना. आवाज २० हर्ट्झपासून २० हजार हर्ट्झपर्यंत, म्हणजे दहा सप्तकं. पेटीवर साधारण तीन-साडेतीन सप्तकं असतात. टीव्हीचं चित्र २५ हर्ट्झपासून ५० लाख हर्ट्झपर्यंत पसरतं. हा फरक दोन लाख पट, जवळजवळ अठरा सप्तकं. टेपला टेकून ती लिहिणारा-वाचणारा छोटा चुंबकी भाग म्हणजे हेड. वाचणारं हेड चुंबकत्वातला बदल ओळखतं, त्यामुळे कंपनसंख्या दुप्पट झाली की सिग्नलही दुप्पट होतो. अठरा वेळा दुप्पट करून बघा: एका टोकाचा सिग्नल खरखरीत बुडतो आणि दुसऱ्या टोकाचा अंगावर येतो.

शिवाय वेगाची अडचण. इतके बारीक बदल टेपवर लिहायचे तर टेप हेडसमोरून सेकंदाला पाचएक मीटर धावायला हवी. बीबीसीने १९५८ मध्ये दाखवलेलं व्हेरा नावाचं यंत्र खरोखरच तसं करायचं. भल्यामोठ्या चाकावर जेमतेम पंधरा मिनिटं मावायची. या वेगाने तीन तासांच्या कॅसेटला ५४ किलोमीटर टेप लागेल. सोलापूरहून उलगडत निघालात तर अक्कलकोट गाठूनही टेप उरेल.

तोड अशी निघाली की टेप पळवायची नाही, हेड पळवायचं. अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये दोन इंच रुंद टेप आणि मिनिटाला १४,४०० फेरे घेणारी चार हेडं आणली. वीस वर्षांनी, १९७६ मध्ये, जेव्हीसी कंपनीच्या व्हीएचएस कॅसेटने तीच कल्पना घराघरांत पोचवली. व्हीसीआर उघडला की आत ६२ मि.मी. व्यासाचा चकचकीत ड्रम दिसतो, थोडा कललेला. त्याच्या कडेला समोरासमोर दोन हेडं असतात, राईच्या दाण्याहून लहान. ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो. टेप त्याला अर्ध्याहून किंचित जास्त वेढा घालून सरकते, सेकंदाला फक्त २३.३९ मि.मी. टेप हळू चालते, हेड मात्र तिच्यावरून सेकंदाला ४.८५ मीटर वेगाने तिरकं घासत जातं. त्यामुळे चित्र टेपच्या लांबीला समांतर लिहिलं जात नाही. सुमारे सहा अंशांनी कललेल्या तिरक्या रेघा एकीशेजारी एक पडत जातात.

प्रत्येक रेघ सुमारे ९७ मि.मी. लांब आणि फक्त ४९ मायक्रॉन रुंद, केसापेक्षा बारीक. एका रेघेत चित्राच्या एकूण ६२५ ओळींपैकी अर्ध्या, एकाआड एक अशा ३१२.५ ओळी, म्हणजे टीव्हीवरची एक पूर्ण ओळ टेपवर ०.३१ मि.मी.मध्ये मावते. दहा सेकंदांच्या जाहिरातीला टेप लागते २३४ मि.मी. अर्ध्या इंच रुंदीची एक वीत पट्टी, आणि तिच्यात ५०० तिरक्या रेघा. अंगठा आणि करंगळी ताणून धरा. बुलोव्हाची ती अख्खी जाहिरात तेवढ्यात बसली असती.

रेघांमध्ये मोकळी जागा अजिबात नाही. मग शेजारची रेघ वाचली कशी जात नाही? दोन्ही हेडांच्या फटी विरुद्ध दिशांना सहा-सहा अंश तिरक्या ठेवल्या आहेत. एका हेडने लिहिलेलं दुसऱ्याला बारा अंश वाकडं लागतं आणि वरच्या कंपनसंख्यांवर ते जवळजवळ बहिरंच होतं. सप्तकांचा प्रश्न असा सोडवला: चित्राचा उजेड-अंधार थेट लिहायचा नाही, एका वाहक लहरीची कंपनसंख्या त्यानुसार कमीजास्त करायची. ओळ जुळवणाऱ्या खुणेला ३.८ मेगाहर्ट्झ, शुभ्र पांढऱ्याला ४.८. अठरा सप्तकांचा पसारा मोजक्या सप्तकांत येतो.

मात्र याची किंमत मोजावी लागते. चित्राला ५ ऐवजी जेमतेम ३ मेगाहर्ट्झ उरतात आणि ५२० बदलांचे ३१० होतात. रंगाचे हाल याहून वाईट. प्रक्षेपणात रंग ४.४३ मेगाहर्ट्झवर बसलेला असतो, तिथे आता वाहक लहर आहे. म्हणून व्हीसीआर रंगाला खाली, ०.६२७ मेगाहर्ट्झवर ढकलतो. तिथे इतकी कमी जागा आहे की एका आडव्या ओळीत रंगाचे जेमतेम चाळीस-पन्नास बदल मावतात. सोलापुरी चादर डोळ्यासमोर आणा, लाल-निळ्या बारीक पट्ट्यांची. पडद्याच्या रुंदीत असे साठ-सत्तर पट्टे आले, तर टीव्हीवर ते दिसतील, व्हीएचएसवर मात्र लाल-निळं एकमेकांत मिसळून जांभळट गढूळ होईल. पट्ट्यांच्या कडा अस्पष्ट का होईना दिसतील, रंग मात्र त्या कडांबाहेर सांडलेला असेल. फोनवर दिसणारा ओठांबाहेर पसरलेला लाल रंग हाच. टेपची टेप केली की तो आणखी सांडतो, आणि फिरणाऱ्या बहुतेक जाहिराती दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीच्या आहेत.

आता 'एआयने ४के केलेली जुनी जाहिरात' म्हणजे काय, हे यावरून ताडून पाहा. टेपवर रंगाचे पन्नास बदल आहेत. ४के चित्रात आडवे ३,८४० ठिपके असतात. मधलं सगळं त्या प्रणालीने इतर हजारो चित्रं पाहून अंदाजाने भरलेलं असतं. चेहऱ्याची त्वचा, साडीचं काठपदर, डब्यावरची अक्षरं, सगळं. ते सुंदर दिसू शकतं, पण त्याला जतन म्हणणं खोटं आहे. अशी आवृत्ती करायची तर करा. मूळ प्रत पुसून मात्र करू नका.

सोलापुरात या कॅसेटींचे शत्रू कोकणापेक्षा वेगळे आहेत. तिथे बुरशी पहिली. आपल्याकडे हवा बरीचशी कोरडी, त्यामुळे बुरशी सप्टेंबरच्या पावसात ओल येणाऱ्या कपाटांतच जास्त दिसते. इथले खरे शत्रू दोन: ऊन आणि सुताची लव. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून बरंच जास्त तापतं. टेपचा पाया पॉलिस्टर आहे, तो तापून कायमचा थोडा आक्रसतो. लांबीत हजारात अर्धा भाग फरक पडला तरी एका रेघेत चित्र दहा मायक्रोसेकंद सरकतं आणि पडद्याचा वरचा भाग झेंड्यासारखा एका बाजूला वाकतो. हे झाल्यावर हेड रेघेवर नेमकं आणणारं ट्रॅकिंगचं बटण कितीही फिरवा, ते जात नाही.

शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांशेजारी घरं आहेत, तिथे लव सगळीकडे. टेपवर लिहिलेल्या लहरीची लांबी सुमारे एक मायक्रॉन आहे. हेड आणि टेप यांच्यात तेवढंच एक मायक्रॉन अंतर पडलं, तर सिग्नल ५५ डेसिबल पडतो, म्हणजे साडेपाचशे पट. कापसाचा तंतू पंधराएक मायक्रॉन जाड असतो. तो हेडखाली आला की टेप तंबूसारखी उचलली जाते आणि पडद्यावर पांढरी रेघ ओढली जाते. तंतू हेडलाच चिकटून बसला तर चित्र जाऊन नुसत्या मुंग्या उरतात. लोक समजतात टेप पुसली गेली. बहुतेक वेळा टेप शाबूत असते, हेड मळलेलं असतं.

कॅसेट हाती आली की आधी तिच्या कडेचा छोटा प्लास्टिकचा तुकडा मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. मग खिडकीतून टेपचं भेंडोळं उजेडात पाहा. पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट यंत्रात घालू नका, हेड मळून पुढच्या सगळ्या कॅसेटींना ती लागेल. बुरशी जावी म्हणून कॅसेट गच्चीवर उन्हात ठेवायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. व्यावसायिक लोक चिकट झालेली टेप भट्टीत तापवतात खरं, पण पन्नासेक अंशांवर, नियंत्रित हवेत, कित्येक तास. गच्चीवर तापमान तुमच्या हातात नसतं.

यंत्र सापडलं की हेड पुसा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, शॅमॉय चामड्याचा तुकडा. कान साफ करायची कापसाची काडी नको, तिचे तंतू हेडात अडकतात. ओलं चामडं ड्रमवर हलकं टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून फिरवा. चामडं वर-खाली हलवलं की फेराइटचं हेड कडेने तुटतं, आणि आता नवं हेड मिळणं कठीण. टेप ओढणारं रबरी चाक वेगळ्या, पाण्याने ओलसर कापडाने पुसा. पंधरा मिनिटं वाळू द्या.

पहिल्यांदा एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट चालवा. ती नीट चालली, तर हवी ती कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेले वेढे मोकळे होतात. टेपची खालची कड चुरगळली असेल तर चित्र उड्या मारेल, कारण सेकंदाला २५ खुणा देणारा नियंत्रण पट्टा तिथे आहे. वरची कड चुरगळली तर आवाज जाईल. तुटलेली टेप सेलोटेपने जोडू नका, उष्णतेने त्याचा गोंद पाझरून ड्रमला लागतो. पॉज लावून जाहिरात न्याहाळू नका. त्या वेळी दोन्ही हेडं एकाच जागेवर सेकंदाला पन्नास वेळा घासत असतात.

संगणकावर घेताना ७२०×५७६, सेकंदाला २५ चित्रं, एकाआड एक विणलेल्या ओळी (इंटरलेस) तशाच ठेवून, तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात घ्या. तासाला तीस-चाळीस जीबी लागतात. फोनसाठी लहान प्रत नंतर त्यातूनच काढा. मधे टाइम बेस करेक्टर, म्हणजे ओळींची वेळ जुळवणारं यंत्र, असेल तर थरथरणाऱ्या उभ्या रेषा सरळ होतात. तळाशी मुंग्यांची अरुंद पट्टी दिसेल, ती बिघाड नाही. तिथे एक हेड सोडून दुसरं हेड वाचायला लागतं. जुन्या टीव्हीची चौकट ती झाकायची. चित्र ४:३च ठेवा. रुंद पडद्यासाठी ताणलं की सगळी माणसं लठ्ठ होतात.

आणि कॅसेट शेवटपर्यंत चालवा. कडेवर 'लग्न' किंवा 'बारसं' लिहिलेलं असतं, पण अनेकदा तो सोहळा आधीच्या मालिकेवर चढवलेला असतो. जेवणावळी संपतात, पडदा क्षणभर काळा होतो, मुंग्या येतात, आणि त्यापुढे जिथे नवं रेकॉर्डिंग पोचलंच नाही, तिथे जुन्या रविवारचा एखादा तुकडा मधल्या जाहिरातींसकट अजून बसलेला असतो.