मधल्या वर्गाची खुर्ची: प्रीमियम इकॉनॉमीची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या माणसाचा परदेश प्रवास विमानाच्या बराच आधी सुरू होतो. चिकलठाणा, नांदेड, लातूर यांपैकी कुठूनच लंडन-न्यूयॉर्कचं थेट विमान नाही. म्हणून आधी देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेसने रात्र काढून मुंबई गाठायची, नाहीतर गाडी करून हैदराबादचं शमशाबाद. मग विमानतळावरचे तीन-चार तास, आणि त्यानंतर खरा लांबचा प्रवास. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेली साठीतली आई विमानात बसते तेव्हा तिचे पाय आधीच सुजलेले असतात. त्यामुळे इकडच्या घरांत ‘मधल्या क्लासचं तिकीट काढू का?’ हा प्रश्न चैनीचा राहिलेला नाही. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: कुठल्या कंपनीची सीट चांगली? ते सांगायचं तर हा वर्ग, म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधली ‘प्रीमियम इकॉनॉमी’, जन्माला कसा आला, इथपासून सुरुवात करावी लागते.

अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत १९५२ मध्ये स्वस्त दराचा टूरिस्ट क्लास आला आणि १९५८ मध्ये इकॉनॉमी. त्या काळी भाडी आणि सोयी ‘आयाटा’ ही विमान कंपन्यांची संघटना ठरवायची. इकॉनॉमीत दोन ओळींमधलं अंतर ३४ इंच आणि खायला साधं, थंड सँडविच, इतकं बारीक ठरलेलं होतं. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने सँडविचच्या नावाखाली भरगच्च थाळीच द्यायला सुरुवात केली, तेव्हा अमेरिकेच्या पॅन अॅम या विमान कंपनीने तक्रार केली आणि त्या कंपनीला दंडही झाला. भाडं सगळीकडे सारखं असल्यामुळे ग्राहक ओढायला सँडविच आणि खुर्ची एवढंच हातात उरलं होतं. त्यातला ३४ हा आकडा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. या अंतराला सीट पिच म्हणतात: तुमच्या खुर्चीवरच्या एका बिंदूपासून पुढच्या खुर्चीवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं माप. आज लांब पल्ल्याच्या इकॉनॉमीत ते साधारण ३१ इंच असतं. म्हणजे साठ-पासष्ट वर्षांत साध्या प्रवाशाच्या गुडघ्यांपुढची तीन इंच जागा गेली.

ती गेली भाडी उतरल्यामुळे. अमेरिकेने १९७८ मध्ये विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण काढलं, सवलतीच्या तिकिटांची चढाओढ लागली आणि पूर्ण भाडं भरणारा व्यापारी प्रवासी कुरकुरू लागला. त्याच्यासाठी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बिझनेस क्लास निघाला. सुरुवातीला तो फार मोठा नव्हता. जरा मोठी खुर्ची, जरा बरं जेवण. पुढे कंपन्यांची स्पर्धा त्या वर्गात शिरली आणि खुर्ची लांबत गेली. ब्रिटिश एअरवेजने २००० साली बिझनेस क्लासमध्ये पूर्ण आडवी होणारी सीट आणली, आणि त्याच वर्षी ‘वर्ल्ड ट्रॅव्हलर प्लस’ हा मधला वर्गही काढला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत बोलकं वर्ष आहे. वरच्या खुर्चीचा पलंग झाला, खालची आखडत गेली, आणि मधे एवढी मोठी जागा रिकामी पडली की तिथे कुणीतरी बसणारच होतं.

कल्पना मात्र ब्रिटिश एअरवेजची नव्हे. तैवानची एव्हा एअर आणि ब्रिटनची व्हर्जिन अटलांटिक यांनी १९९१-९२ च्या सुमारासच असा वर्ग सुरू केला होता. व्हर्जिनने त्याला ‘मिड क्लास’ म्हटलं होतं. दोन्ही तेव्हा नव्या किंवा लहान कंपन्या, त्यामुळे त्यांना गमवायला थोडं होतं. मोठ्या कंपन्यांना भीती होती ती बिझनेसचा प्रवासी एक पायरी खाली उतरेल याची. म्हणूनच बाकीच्या सावकाश आल्या: क्वांटास २००८, एअर फ्रान्स २००९, कॅथे पॅसिफिक २०१२, लुफ्थान्सा २०१४, सिंगापूर एअरलाइन्स २०१५. एमिरेट्स तर २०२१ मध्ये आली.

ही भीती पोकळ नव्हती. टर्किश एअरलाइन्सने २०१० नंतर आपल्या बोइंग ७७७ विमानांत ‘कम्फर्ट क्लास’ बसवला होता. ओळीत सातच खुर्च्या आणि तब्बल ४६ इंच पिच. प्रवाशाच्या दृष्टीने याहून चांगला मधला वर्ग क्वचितच कुणी दिला असेल. काही वर्षांतच कंपनीने तो काढून टाकला. एवढ्या थोड्या पैशांत एवढी जागा मिळत असेल तर बिझनेसचं तिकीट कोण घेणार? त्यानंतर बहुतेक कंपन्या ३८ इंचांच्या आसपास येऊन थांबल्या, आणि मला तरी तो योगायोग वाटत नाही. कतार एअरवेजने तर हा वर्ग ठेवलेलाच नाही, हे हैदराबादहून दोहामार्गे जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

आता तुलना. एसटीत लालपरीची बैठक तीन-दोनची आणि एशियाडची दोन-दोनची. गाडीची रुंदी तीच, पण एशियाडमध्ये खांदा शेजाऱ्याला लागत नाही. विमानातही खरा फरक इथेच पडतो. बोइंग ७७७ मध्ये बहुतेक कंपन्या आता इकॉनॉमीत ओळीला दहा खुर्च्या बसवतात, प्रीमियम इकॉनॉमीत आठ. ७८७ मध्ये नऊच्या जागी सात, एअरबस ए-३५० मध्ये नऊच्या जागी आठ. इकॉनॉमीची सीट १७ इंचांच्या आसपास असते, मधल्या वर्गातली साडेअठरा-एकोणीस. ऐकायला हे दोन इंच किरकोळ वाटतात. पण शाल पांघरून बसलेल्या माणसाला रात्रभर कोपर कुठे ठेवायचं हा प्रश्न पडत नाही, तो या दोन इंचांमुळे.

सिंगापूर एअरलाइन्स ३८ इंच पिच देते, पाठ आठ इंच मागे जाते आणि पोटरीला आधार असतो. एमिरेट्सच्या ए-३८० मध्ये ४० इंच पिच, साडेएकोणीस इंच रुंदी, असाच पोटरीचा आधार आणि पायाखाली पट्टी आहे. उशिरा आलेल्याने आधीच्यांचं पाहून घेतल्याचा हा परिणाम असावा. जपान एअरलाइन्सने वेगळाच मार्ग धरला: पिच ४२ इंच आणि पाठीमागे पक्कं कवच. पुढच्याने सीट मागे घेतली तरी ती तुमच्या अंगावर येत नाही, कवचाच्या आतच पुढे सरकते. एअर फ्रान्सची पहिली सीटही याच धाटणीची होती. यात एक खोच आहे. मागचा सुखी, पण टेकायला गेलं की आपलंच बूड पुढे सरकतं आणि पायाची जागा आपणच खातो. कंबरदुखी असलेल्याला हे मानवेलच असं नाही. गुडघेदुखी असलेल्याने पोटरीच्या आधाराचीही चौकशी आधीच करावी, कारण तो सगळ्याच ओळींत सारखा नसतो. पहिल्या ओळीत समोर भिंत असते. पुढचा कुणी अंगावर येत नाही, पण पाय लांब सोडायला अनेकदा अडचण होते आणि टेबल खुर्चीच्या हातात (आर्मरेस्टमध्ये) असल्यामुळे तो हात वर होत नाही.

भारतात हा वर्ग आणला विस्तारा या विमान कंपनीने, जानेवारी २०१५ मध्ये, तोही देशांतर्गत ए-३२० विमानांत: १६ बिझनेस, ३६ प्रीमियम इकॉनॉमी, ९६ इकॉनॉमी. आज जो घोळ होतो त्याचं मूळ इथे आहे. या विमानात मधल्या वर्गालाही तीन-तीनचीच बैठक, म्हणजे रुंदी इकॉनॉमीचीच, आणि पिच ३३-३४ इंचांच्या आसपास. १९५८ च्या साध्या इकॉनॉमीएवढंच. जेवण आणि वागणूक चांगली होती, विस्ताराचं कौतुक उगाच झालं नाही; पण दिल्ली-मुंबईच्या त्या अनुभवावरून शिकागोच्या सीटचा अंदाज बांधणं चुकीचं. विस्ताराच्याच ७८७-९ मध्ये मात्र दोन-तीन-दोनच्या २१ सीट होत्या, खऱ्या अर्थाने मधल्या वर्गाच्या.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि हे दोन्ही प्रकार एकाच नावाखाली आले. त्याआधी २०२३ मध्ये एअर इंडियाने अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सकडची जुनी ७७७ विमानं भाड्याने आणून त्यांत ४८ सीटचा मधला वर्ग सुरू केला होता; जानेवारी २०२४ पासून ए-३५० आलं, त्यात २४ सीट. अरुंद ए-३२० मध्येही २४ सीट ‘प्रीमियम इकॉनॉमी’च म्हणवतात. जुन्या ७८७-८ मध्ये तर हा वर्ग मुळात नव्हताच, आतली बैठक बदलण्याचं काम हाती घेतल्यावर तो येतो आहे. त्यामुळे कंपनी तीच, मार्ग तोच, पण आजचं विमान आणि पुढच्या महिन्याचं विमान यांतली सीट वेगळी असू शकते. नांदेड-लातूरकडच्या एजंटकडे तिकीट काढताना विमानाचा प्रकार विचारून घ्या आणि स्क्रीनवर सीटचा नकाशा उघडायला लावा. मधल्या वर्गाच्या एका ओळीत किती चौकोन आहेत ते मोजा, आणि शेजारच्या इकॉनॉमीच्या ओळीतलेही. दोन्हीकडे आकडा सारखा आला तर जास्तीचे पैसे रुंदीसाठी जात नाहीत एवढं नक्की.