गॅसविना गोड पदार्थ

शेगडी, ओव्हन किंवा कढई न वापरता घरच्या घरी केले जाणारे गोड पदार्थ. बोलताना त्यांना 'बिनगॅसचे' किंवा 'नो बेक' म्हणतात. शाळांच्या पाककला स्पर्धांत 'विनाअग्नी' किंवा 'फायरलेस' असा शब्द दिसतो. वसतिगृहात राहणारे विद्यार्थी, सुट्टीत घरी असलेली मुले आणि स्वयंपाकाची नुसती हौस असलेली मोठी माणसे यांच्यात हा छंद रुळला आहे. बहुतेकांची सुरुवात बिस्किटांच्या चुऱ्यापासून होते.

'विनाअग्नी' हे वर्णन मात्र अर्धेच खरे आहे. बिस्किट कारखान्याच्या भट्टीत भाजून आलेले असते, डाळे फुटाणेवाल्याच्या भट्टीत फुटलेले असते, दूध पावडर तापवून वाळवलेली असते आणि डब्यातले कंडेन्स्ड मिल्क आटवून बंद केलेले असते. करणाऱ्याच्या वाट्याला कुस्करणे, मळणे, वळणे आणि वाट पाहणे एवढेच उरते. त्यामुळे या प्रकारात कौशल्यापेक्षा जिन्नसाची निवड महत्त्वाची ठरते. कोणता जिन्नस आधीच शिजलेला आहे आणि कोणता कच्चा, हे ज्याला कळते त्याचे पदार्थ सहसा बिघडत नाहीत.

मराठी घरांत या प्रकाराला जुनी परंपरा आहे, फक्त त्याकडे कोणी छंद म्हणून पाहिले नाही. शिळ्या पोळीचा कुस्करा, किसलेला गूळ आणि तूप यांचा मलिदा किंवा पोळीचा लाडू हा लहान मुलाला स्वतःच्या हाताने करता येणारा बहुधा पहिला गोड पदार्थ असावा. केळ्याचे काप, दूध, साखर आणि वेलची यांचे शिकरण त्याहूनही सोपे. आयुर्वेदात दूध आणि केळे हा विरुद्धाहार मानतात, तरी पोळीबरोबरची शिकरणाची वाटी त्यामुळे कधी थांबलेली नाही. गणपतीत वाटले जाणारे पंचखाद्य खोबरे, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस एकत्र करून होते. काही घरांत खोबरे व खसखस आधी भाजून घेतात. रामनवमीचा सुंठवडा म्हणजे सुंठ, साखर आणि सुके खोबरे यांची नुसती पूड. गोव्यात नरकचतुर्दशीला पोह्यांचे जे निरनिराळे प्रकार, म्हणजे फोव, करतात, त्यांतले रोसातले फोव नारळाच्या दुधात गूळ विरघळवून त्यात पोहे भिजवले की तयार होतात. पोहेसुद्धा भात भिजवून, भाजून आणि कांडून आलेले असतात, म्हणूनच ते नुसत्या भिजण्याने मऊ पडतात.

डाळ्याचे लाडू हे बेसनाच्या लाडवांचे घाईतले भावंड. पंढरपुरी डाळ्याचे पीठ मिक्सरमध्ये बारीक करायचे, चाळायचे, पिठीसाखर आणि वेलची घालून पातळ तुपात वळायचे. बेसन कच्चे असल्याने त्याला अर्धा-पाऊण तास मंद आचेवर परतावे लागते. डाळ्याला ते सोपस्कार लागत नाहीत. थंडीत तूप थिजलेले असले तर तुपाची वाटी गरम पाण्यात ठेवली की काम भागते. घट्ट तुपात वळलेला लाडू बाहेरून ठीक दिसतो, पण खाताना फुटून पीठ होतो.

या साऱ्यांत कसोटीचा पदार्थ म्हणजे श्रीखंड. दह्यात साखर आणि सुगंधी द्रव्ये घालून केलेल्या शिखरिणीचा उल्लेख जुन्या संस्कृत ग्रंथांत येतो. आजचे श्रीखंड महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये सारखेच आपले मानले जाते. गुढीपाडवा आणि दसरा हे त्याचे खास दिवस. दह्यासाठी साय न काढलेले दूध घ्यावे. पिशवीवर 'फुल क्रीम' लिहिलेल्या दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश असतो, तेवढा पुरतो. दही मलमलच्या किंवा जुन्या मऊ सुती फडक्यात बांधून ६ ते ८ तास टांगले की आंबूस निवळ निथळून जाते आणि चक्का उरतो. उन्हाळ्यात बाहेर टांगलेले दही निथळता निथळताच आंबट होते, म्हणून पाडव्याच्या सुमारास गाठोडे चाळणीत घालून, खाली भांडे ठेवून फ्रीजमध्ये ठेवणे बरे. वेळ थोडा जास्त लागतो, चव मात्र हातची जात नाही.

साखर चक्क्याच्या वजनाइतकी घेण्याची जुनी रीत आहे. आजच्या जिभेला पाऊणपट पुरे होते. साखर घातल्यावर चक्का एकदम सैल पडतो आणि नवखा माणूस घाबरतो. चक्क्यात उरलेल्या पाण्यात साखर विरघळते आणि त्याचा पाक होतो, एवढेच त्यामागे असते. तासभर मुरल्यावर मिश्रण पुरणयंत्रातून काढावे किंवा बारीक चाळणीवर घासावे, मग वेलची, जायफळ, दुधात खललेले केशर आणि चारोळी घालून थंड करावे. मिक्सर टाळावा. त्याच्या पात्यांनी दह्यातल्या प्रथिनांची जाळी मोडते आणि श्रीखंड ओघळू लागते. परदेशातली मराठी घरे टांगण्याचा खटाटोप टाळून ग्रीक योगर्टचे किंवा लबनेचे (दोन्ही आधीच निथळून घट्ट केलेली दही) श्रीखंड करतात, आणि ते चांगलेही होते. आम्रखंडाला हापूसचा रस घट्टच हवा; पातळ रस घातला तर आधी निथळलेले पाणी पुन्हा आत घेतल्यासारखे होते.

छंद म्हणून आज जे केले जाते त्याचा पाया बिस्किट, कंडेन्स्ड मिल्क आणि फ्रीज या तिघांवर उभा आहे. कंडेन्स्ड मिल्कचे पेटंट अमेरिकेत गेल बोर्डन यांना १८५६ मध्ये मिळाले. त्यातली भरपूर साखर दूध टिकवते आणि पदार्थ बांधूनही ठेवते, त्यामुळे सुक्या खोबऱ्याच्या किसात ते घालून मळले की दहा मिनिटांत लाडू होतात. मारी बिस्किट लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीने १८७४ मध्ये रशियाच्या राजकन्या मारिया यांच्या विवाहानिमित्त काढले. ते फारसे गोड नसते आणि त्याचा चुरा सारखा बारीक होतो, म्हणून रोलसाठी ते सोयीचे. चुऱ्यात कोको, पिठीसाखर आणि दूध घालून गोळा मळतात, तो बटर पेपरवर पोळीसारखा लाटतात, त्यावर लोणी, पिठीसाखर आणि खोबऱ्याचा कीस यांचे सारण पसरतात, गुंडाळी करून फ्रीजमध्ये घट्ट करतात आणि काप काढतात. दूध चमच्याचमच्याने घालावे. चुरा ते सावकाश शोषतो. कोरडे वाटते म्हणून घाईने आणखी घातले की पाच मिनिटांनी गोळा हाताला चिकटू लागतो. ग्लुकोज बिस्किटे वापरली तर साखर निम्म्याने कमी करावी.

गॅसविना काजूकतलीत साखरेच्या पाकाऐवजी दूध पावडर आणि पिठीसाखर असते. काजू थांबून थांबून वाटावे लागतात, सलग वाटले की तेल सुटून त्यांचा लगदा होतो. खजुराच्या रोलला तर साखरही लागत नाही, कारण मऊ काळा खजूर स्वतःच गोडी आणि चिकटपणा दोन्ही देतो. गणपतीच्या दिवसांत हीच मिश्रणे मोदकाच्या साच्यात घातली जातात. उकडीच्या मोदकाच्या कळ्या ज्यांना जमत नाहीत त्यांना साचा हा मोठाच दिलासा आहे. उकडीच्या मोदकाची सर त्याला येत नाही, हे मात्र मान्य करायला हवे.

आच नसताना पदार्थ घट्ट होतो तो मुख्यतः स्निग्ध पदार्थ थिजल्यामुळे. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसला वितळते, लोणी आणि चॉकलेटमधले कोकोआ बटर ३२ ते ३५ अंशांच्या आसपास. मे महिन्यात नागपुरात चॉकलेटचे मोदक ताटात का टिकत नाहीत आणि महाबळेश्वरला का टिकतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे. जिलेटिन फ्रीजच्या गारव्यात घट्ट होते, पण ते प्राणिज असल्याने शाकाहारी घरांत समुद्री शेवाळापासून केलेले चायना ग्रास (अगर-अगर) वापरतात. चायना ग्रास पाण्यात उकळल्याशिवाय विरघळत नाही, त्यामुळे काटेकोर अर्थाने ते या प्रकारात बसत नाही. ताजा अननस, पपई किंवा किवी घातलेली जिलेटिनची जेली सैलच राहते, कारण या फळांतली विकरे (एन्झाइम) जिलेटिनमधले प्रथिन तोडतात. डब्यातला अननस तापवलेला असतो, तो चालतो.

इतर देशांतही हाच मार्ग निरनिराळ्या कारणांनी रुळला. जर्मनीत लोण्याच्या बिस्किटांचे थर कोको आणि खोबरेल चरबीने सांधून 'काल्टर हुंड' करतात, इटलीत आणि पोर्तुगालमध्ये बिस्किटांचे तुकडे घातलेले चॉकलेटचे 'सलामी' कापून वाढतात. स्वीडनमधले ओट, लोणी, साखर आणि कोको यांचे 'चोक्लादबोल' मुले घरी वळतात. अमेरिकेत बर्फाची पेटी घरोघरी आल्यावर क्रीम आणि पातळ बिस्किटांच्या थरांचा 'आइसबॉक्स केक' लोकप्रिय झाला.

आच नसल्याने जंतू मरण्याची पायरीही नसते, हे विसरले जाते. कच्चा मैदा किंवा कणीक घालून 'केकचे पीठ' म्हणून खाणे धोक्याचे आहे. पीठ घालायचेच असेल तर आधी भाजून घ्यावे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेला पदार्थ देऊ नये. हात आणि चमचे कोरडे असावेत. ओल्या नारळाचे लाडू त्याच दिवशी संपवावेत, श्रीखंड फ्रीजमध्ये चार-पाच दिवस चांगले राहते, आणि डाळ्याचे लाडू बंद डब्यात दोन आठवडे सहज टिकतात, अर्थात डबा तोवर भरलेला राहिला तर.